नावं डोक्यावर असलेला चौक

माझ्या थोरल्या भावाला आमच्या गल्लीत सगळे राजेसाहेब म्हणतात. राजा वगैरे काही नाही, केस कापायचं दुकान आहे त्याचं, दोन खुर्च्यांचं, आणि त्यातली एक खुर्ची वरखाली होत नाही. काल ज्याची दाढी केली तो आज समोरून हसत आला तरी हा आपला नाकासमोर बघत निघून जातो, म्हणून हे नाव पडलं. लोक आधी चिडले, मग त्यांनी नाव ठेवलं, आणि आता तर कौतुकानं सांगतात की आमचा न्हावी मिजासखोर आहे खरा, पण हात हलका आहे.

खरं कारण गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. दादाला चेहरे ओळखता येत नाहीत. नजर चांगली तीक्ष्ण आहे. शेजारच्या गाळ्यात माझं शिवणाचं दुकान आहे, तिथे सुईत दोरा मला तोच ओवून देतो. त्याला नाक दिसतं, डोळे दिसतात, गालावरचा तीळही दिसतो, पण या सगळ्याचा मिळून एक माणूस होत नाही. आईच्या लग्नातल्या फोटोत तो आईला साडीवरून ओळखायचा. गिऱ्हाइकं तो कानांवरून, मानेवरून, केसांच्या भोवऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखतो. म्हणजे ज्याच्या आधारावर ओळखायचं तेच रोज स्वतःच्या हातानं कापून टाकायचं, असा हा धंदा. दुसरा कुठला धंदा मिळाला नाही का, असं मी त्याला पुष्कळदा विचारलं आहे.

एकदा एक गिऱ्हाईक केस कापून, पैसे देऊन बाहेर पडलं आणि चष्मा राहिला म्हणून पुन्हा आत आलं. दादानं कापड झटकलं आणि म्हणाला, "बसा. केस का दाढी?" त्या माणसानं आपल्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. बाकावरची माणसं पोट धरून हसली. राजेसाहेबांनी काय फिरकी घेतली, म्हणून ही गोष्ट अजून सांगतात. दादाही तेव्हा हसला होता. घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही.

मी त्याला सांगून सांगून थकले, की बाबा रे, एकदा सगळ्यांना सांगून टाक, सुटशील. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. ज्याच्या हातात वस्तरा देऊन आपण मान वर करून बसतो, त्याच्या डोक्यात काही कमी आहे असं लोकांना कळलं तर कोण येईल त्या खुर्चीत?

वहिनीला त्यानं एकदा सांगून पाहिलं होतं. तो बाजारात तिच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेला होता, त्या दिवशी. ती म्हणाली, घरात बरा ओळखतोस. आता घरात ओट्यापाशी दुसरं कोण उभं असणार, या अंदाजावर हा ओळखत होता, पण हे बायकोला सांगायचं कोणत्या तोंडानं? मग एक दिवस बालवाडी सुटल्यावर त्यानं दुसऱ्याच मुलीचा हात धरला आणि फाटकाबाहेर चालू लागला. स्वतःची पोर मागे रडत उभी. वहिनी तेव्हाच पोचली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. पोटच्या पोरीचीही ज्याला किंमत नाही त्याच्याबरोबर मी राहत नाही, एवढंच म्हणाली, आणि मुलीला घेऊन दूरच्या गावी भावाकडे गेली. माणूस वाईट नव्हता आणि बाईही वाईट नव्हती. मला दोघांचाही राग आला होता.

पुढे कितीतरी वर्षं बापलेकीचं बोलणं फोनवर चाललं, आणि ते 'जेवलीस का' आणि 'अभ्यास कसा चाललाय' यांच्या पुढे कधी गेलं नाही. मुलगी जरा मोठी झाल्यावर तीच म्हणाली, बाबा, फोनवर काय बोलायचं कळत नाही, इंटरनेटवर एक जग आहे, तिथे या. दादाला वाटलं एखादा खेळ असेल. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं ते उघडलं, तर समोर एक चौक. कारंजं, बाकं, दुकानं, पलीकडे समुद्र. कुठकुठली माणसं आपापल्या खोलीत बसून त्या चौकात हिंडत होती. प्रत्येकानं आपला अवतार आपणच बनवलेला, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठळक अक्षरात नाव. दादानं मला हाक मारली. "बघ गं," म्हणाला, "इथे सगळ्यांच्या डोक्यावर नाव आहे." त्याचे डोळे भरले होते. मला स्वयंपाकाला उशीर होत होता. बरं झालं म्हटलं आणि घरी गेले.

तिथे चेहरा बनवायला पट्ट्या असतात. एक पट्टी सरकवली की नाक लांब होतं, दुसरी सरकवली की गाल वर येतात. दादानं एकाही पट्टीला हात लावला नाही, कंपनीनं दिला तो चेहरा ठेवला. केसांवर मात्र त्यानं आठवडे घालवले. भांग कुठे, कल्ले किती, मागची कड सरळ का गोल, असं करत करत त्यानं स्वतःला इतके सुंदर केस केले की चौकातली माणसं विचारायला लागली. त्यानं नाव घेतलं होतं 'कंगवा'. बघता बघता कंगवा त्या चौकाचा न्हावी झाला. कुणाला अंबाडा हवा, कुणाला जटा, कुणाला हिरवा तुरा. बसल्या जागी तो सगळ्यांना सुचवायचा. तिथे डोकं कितीही भादरलं तरी नाव जागेवर राहतं, याचं त्याला फार सुख होतं. दाताच्या दवाखान्यात नर्स असलेल्या एक बाई तिथे अस्वल होऊन यायच्या. त्या लांबून दिसल्या की हा आधी हाक मारायचा, "काय अस्वलबाई, आज किती दाढा उपटल्या?" मी मशीन थांबवून हे ऐकायची. बाहेर ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, तो माणूस चौकात प्रत्येकाची विचारपूस करत फिरायचा. कंगव्याइतका माणूसवेडा कुणी नाही, असं तिथे म्हणत.

मुलीचं तिथलं नाव 'गोगलगाय'. दुकान सोमवारी बंद असतं, तेव्हा सोमवारची संध्याकाळ तिची. ती दर वेळी नवा अवतार घेऊन यायची. एकदा डोक्यावर शिंगं, एकदा काठी टेकणारी म्हातारी, एकदा पायापासून केसापर्यंत निळी. मी म्हणायची, काय गं हा अवतार, आमच्या आईनं दारात घेतलं नसतं तुला. ती हसायची. चेहऱ्याच्या पट्ट्या हलवायचा तिलाही कंटाळा होता, सगळा जीव कपड्यांवर आणि रंगावर. दोघं समुद्राकाठच्या बाकावर बसून तासभर बोलायची. शाळेत तिला मैत्रिणी नाहीत हे त्याला तिथेच कळलं. त्याला खोकला आहे हे तिला तिथेच कळलं. ज्या बापाला बालवाडीच्या फाटकात पोर सापडली नाही, त्याला ती तिथे शिंगांखालूनही सापडायची.

आणि मग एका सोमवारी ती म्हणाली की आईनं परवानगी दिली आहे, सुट्टीत मी तुमच्याकडे येणार, एकटी, बसनं.

दादा आनंदानं उभा राहिला. मग खाली बसला. मी बघितलं तर त्याचा रंग उतरला होता.

त्याला काय वाटत होतं ते मला सांगावं लागलं नाही. बसस्टँडवर शंभर मुली असतात. तिथे कुणाच्या डोक्यावर नाव नसतं. ही पोर बापाला भेटायला येणार, आणि बाप तिच्या समोरून राजेसाहेबांसारखा निघून जाणार. आई इतकी वर्षं जे सांगत आली ते खरंच होतं, असं तिला वाटलं की संपलं. मग ती चौकातही येणार नाही. त्याच्याजवळ ती तेवढीच होती.

म्हटलं, सांग तिला. तो म्हणाला, "काय सांगू? बाळा, तुला बघून मला काहीच कळत नाही, असं?"

मग त्याची तयारी सुरू झाली. वहिनीनं मुलीचे ताजे फोटो पाठवले होते. मी ते माझ्या गिऱ्हाइकांच्या मुलींच्या फोटोंत मिसळून त्याच्यासमोर मांडायची. पहिल्यांदा त्यानं बरोबर फोटो उचलला. मी खूश झाले, तर म्हणाला, मागे पडदा आहे ना, तो ओळखीचा आहे. पडद्याचा भाग कापला, तेव्हापासून त्याचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. एकदा तर त्यानं सोनाराच्या सुनेचा फोटो उचलला. मला हसू आलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची मान धरून हा गप्प उभा राहायला लागला. एका मास्तरांचे कल्ले त्यानं वरखाली केले. असं त्याच्या हातून पूर्वी कधीच झालं नव्हतं.

त्यातच एका सोमवारी चौकात काहीतरी बिघाड झाला आणि सगळ्यांच्या डोक्यावरची नावं एकदम गेली. फार वेळ नाही, चहा गार होईल इतकाच. चौक माणसांनी भरलेला, सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळलेले. गोगलगाय त्या दिवशी नवं काहीतरी लेवून येणार होती, काय ते याला ठाऊक नव्हतं. "गोगलगाय? अगं कुठे आहेस?" असं तो त्या गलक्यात म्हणत राहिला. नावं परत आली तेव्हा ती त्याच्या शेजारीच उभी होती. बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेच होतात?"

तो म्हणाला, "मी गंमत करत होतो." तिनं मान हलवली.

नंतरच्या सोमवारी यानं डाव टाकला. उतरलीस की फोन कर, मी स्टँडच्या दारातच असेन, तू मला शोध. ती म्हणाली, "नाही बाबा, फोनबिन काही नाही. तुम्हीच मला ओळखायचं. मी हलणार नाही." हा म्हणाला, अगं मी म्हातारा माणूस, डोळ्यांना कमी दिसतं. ती म्हणाली, पण तुम्हीच. हट्टच धरून बसली. मी मागे उभी राहून मनात म्हटलं, गोगलगाय नि पोटात पाय, ही पोर बापाची परीक्षा घेते आहे.

मग तिनंच विचारलं, येताना कोणता शर्ट घालणार, कंगव्याला घालून दाखवा ना. दादानं तिथल्या कपाटातून निळा-पांढरा चौकटीचा शर्ट शोधला, घरी त्याच्याकडे तसाच आहे, आणि कंगव्याला घातला. तिनं गोगलगायीला हिरवं जाकीट घातलं, पाठीवर पांढरा पट्टा. हेच घालून येणार म्हणाली. दादानं ते जाकीट पुढून मागून इतक्या वेळा बघितलं की मला त्याची दया आली. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

जायच्या दिवशी मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाला. तू असलीस तर तूच ओळखशील, आणि ते तिच्या लक्षात येईल. बाहेर गारठा होता, खोकला वाढलेला. मी स्वेटर दिला. त्यानं तो गळ्यापर्यंत बटणं लावून घातला. मी म्हटलं, अरे, शर्ट झाकला गेला सगळा, तिला दाखवलायस ना? तो म्हणाला, "तिला डोळे आहेत. तिला शर्टाची काय गरज?"

पुढचं मला दोघांनी सांगितलं, वेगवेगळं आणि पुन्हा पुन्हा.

बस वेळेवर आली. दादा खांबाशी उभा होता. माणसं उतरायला लागली, सामान, पोती, पोरं. हा फक्त हिरवं शोधत होता. आणि दिसलं. हिरवं जाकीट, त्याच उंचीची मुलगी, पाठमोरी. पांढरा पट्टा आहे का ते पिशवीमुळे दिसत नव्हतं. त्याला धीर धरवला नाही. पुढे होऊन त्यानं तिच्या पिशवीचा बंद धरला आणि म्हणाला, "आलीस बाळा? दे इकडे."

मुलगी किंचाळली. तिच्याबरोबरच्या बाईनं दादाचा हात झटकला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, पोरीला हात कसा लावलास. क्षणात भोवती माणसं. कुणी कॉलर धरली, कुणी मोबाईल काढला. बसस्टँडचा गार्ड काठी आपटत आला. दादा सांगत होता की चूक झाली, माझी मुलगी याच बसनं आली आहे, तिचंही जाकीट असंच आहे. गार्ड म्हणाला, "मग दाखव की. कुठे आहे तुझी मुलगी?"

दादानं वळून बघितलं. बाकावर मुली, तिकिटाच्या खिडकीशी मुली, नळापाशी मुली. हिरवं कुठेच नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि तो एकेका तोंडाकडे बघत होता. गार्डनं दंड पकडला. दादा म्हणाला, "थांबा हो. ती इथेच असेल. मला जरा बघू द्या."

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. पांढरा सदरा, हातात बॅग, आणि बॅगेतून हिरवी बाही बाहेर आलेली. बसमध्ये उकडलं म्हणून जाकीट काढून ठेवलं होतं. बाबा आपल्याला ओळखणारच, जाकिटाची काय गरज, असं तिलाही वाटलं होतं. इतका वेळ ती तीन हात अंतरावर बसून, एका स्वेटरवाल्या परक्या माणसाला लोक धरताहेत हे घाबरून बघत होती. गलक्यात त्याचे शब्द तिला लागले नव्हते, गार्डपुढे तो एकटा बोलला तेव्हा आवाज ओळखीचा वाटला.

"बाबा?" ती म्हणाली.

गार्डनं तिला विचारलं, हे तुझे वडील का. ती लगेच हो म्हणाली नाही. दादाकडे बघत म्हणाली, "काहीतरी बोला ना अजून."

दादा म्हणाला, "गोगलगाय."

"हो," ती म्हणाली. "हे माझेच बाबा आहेत."

गार्डचं समाधान झालं नाही, आणि त्याचंही बरोबरच होतं. बाप समोर उभा आहे आणि तू बसून बघत होतीस? त्यावर ती खाली मान घालून बोलली, सगळ्यांसमोर. "मला चेहरे ओळखता येत नाहीत. लहानपणापासून. आईला वाटतं मी मुद्दाम करते. शाळेत म्हणतात, फार शिष्ट आहे." मग दादाकडे वळून म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही मला ओळखाल आणि जवळ याल, म्हणजे तुम्हाला कळणारच नाही. सॉरी बाबा."

दादाला तिथेच गप्प राहता आलं असतं. लोकांना कारण मिळालं होतं, मुलीचं. कॉलर सोडलेली होती. गर्दीत त्याचं एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं "अहो, हे तर आमचे राजेसाहेब" असं म्हणायलाही सुरुवात केली होती. पण दादा बोलला. "मलाही येत नाहीत," म्हणाला. "कुणाचाच चेहरा. तिचं काही चुकलेलं नाही, हे माझ्याकडून गेलंय तिच्यात."

बाईनं आपल्या मुलीला जवळ ओढलं आणि ती निघून गेली. गार्डनं काठी काखेत घेतली.

मग दादाच्या मुलीनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? हे असं असतं म्हणून?"

"हो."

"कधीपासून?"

"तू जन्मायच्या आधीपासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्तातून येतं म्हणाले होते."

"आणि मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "मी रोज रात्री बसून वर्गातल्यांचे फोटो पाठ करते. मला वाटायचं मी मठ्ठ आहे. मला वाटायचं माझ्यात माया नाही."

तिनं बॅग उचलली आणि ती दाराबाहेर पडली. दादा मागे. रस्त्यावर बाजाराची गर्दी होती, कामावरून सुटलेली माणसं लोंढ्यानं चालली होती. ती पुढे तरातरा चाललेली, आणि हा तिच्या बॅगेवर नजर खिळवून, ती एकदा गर्दीत गेली की पुन्हा सापडायची नाही या भीतीनं जवळजवळ पळत होता.

कोपऱ्यावर ती थांबली. वळली नाही. वळून तरी मागच्या एवढ्या माणसांत तिला तो कुठून कळणार होता? पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "बोलत राहा बाबा. म्हणजे मला कळेल तुम्ही मागे आहात."

तिचा राग अजून होताच. नंतरही पुष्कळ दिवस होता.

मी दारात वाट बघत उभी होते. ती दोघं दिसायच्या आधी गल्लीच्या तोंडापासून दादाचा आवाज आला. आमचे राजेसाहेब भर रस्त्यातून मोठ्यानं बोलत येत होते, आपण कुणाकुणाला ओळखलं नाही आणि ते कसं लपवलं ते पहिल्यापासून सांगत. लोक दुकानांतून वाकून बघत होते. खोकल्यानं त्याचा आवाज बसत चालला होता, पण तो थांबत नव्हता.